पुतणीची निळी पिशवी

दर रविवारी सकाळी चहा झाला की आमची पुतणी तिची वही आमच्यापुढे आणून ठेवते. शंभर पानांची, रेघांची साधी वही. डाव्या बाजूला तारीख, मग रुग्णाचा पत्ता, मग काय केले, किती पैसे आले आणि शेवटी पेट्रोल. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. दुसऱ्यांचे हिशेब जुळवण्यात आमचा आठवडा जातो आणि उरलेला वेळ वस्तीच्या कामात. त्यामुळे घरातला हा हिशेबही आपसूकच आमच्याकडे आला. पण ही वही जुळवता जुळवता आम्हाला जे शिकायला मिळाले, ते कॉलेजात मिळाले नव्हते. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडे, सांधे, स्नायू आणि नसा यांच्या दुखण्यात व्यायामाने व हाताच्या उपचाराने माणसाला पुन्हा हिंडते-फिरते करायचे, असे हे शास्त्र. तिचा दवाखाना नाही. खांद्याला निळी पिशवी अडकवून ती स्कूटरवरून रुग्णाच्या घरी जाते. कल्याण पूर्वेतील कोळसेवाडी, काटेमानिवली, चिंचपाडा, पलीकडे विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि डोंबिवलीचा काही भाग, एवढा तिचा मुलूख.

हे काम तिने सुरू केले तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध आमचा होता, हे आधीच कबूल करतो. आणि ज्या माणसाच्या घरात हे काम सर्वांत आधी हवे होते, तेही आम्हीच.

त्याची हकिगत अशी. आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, महापालिकेच्या सफाई खात्यात होते. पहाटे हजेरी, मग झाडू आणि गाडी. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली होती. दोन महिने घेतली, बरे वाटू लागले आणि दादांनी ती सोडून दिली. आपल्याकडे पुष्कळजण असेच करतात. त्रास होत नाही म्हणजे आजार गेला, असे वाटते. रक्तदाबाचे तसे नाही. तो आतल्या आत वाढतो.

२०१८ सालचा ऑगस्ट महिना होता. सकाळी मोरीत तोंड धुताना दादांच्या हातून तांब्या पडला. तोंड एका बाजूला वाकडे झाले, जीभ अडखळू लागली. वहिनींनी आम्हाला हाक मारली. शेजारचे एकजण म्हणाले, पित्त उसळले असेल, लिंबू-सरबत द्या. दुसरे म्हणाले, जरा निजू द्या, उतरेल. आम्ही शिकलेले, चार लोकांना सल्ला देणारे. आम्हीही दादांना निजवले आणि वाट पाहत बसलो. आज आम्हाला माहीत आहे की मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झटका आला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंड वाकडे झाले, एक हात गळाला किंवा बोलणे अडखळले, यांतले एक जरी दिसले तरी पाणीसुद्धा न पाजता १०८ नंबरला फोन करायचा. त्या दिवशी हे माहीत नव्हते. आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा सहा तास उलटून गेले होते.

दादांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. अकरा दिवसांनी घरी सोडले. कागदावर औषधांच्या खाली एक ओळ होती, फिजिओथेरपी चालू ठेवावी. लिहिणाऱ्याला ओळ लिहायला क्षणभर लागला असेल. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे, कमरेला ओढणी बांधायची आणि चौघांनी खुर्ची धरून वळणावळणाचा जिना उतरायचा. खाली रिक्षा. अर्धा तास उपचार. परत रिक्षा, परत चौघे. आठ दिवस गेलो. नवव्या दिवशी चौघांपैकी दोघे आले नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा? एक नाक्यावरचा मजूर, दुसरा कुरिअरवाला. खाडा केला तर संध्याकाळी चूल कशी पेटणार? आमचीही रजा संपली होती. दहाव्या दिवसापासून जाणे बंद झाले. कागदावरची ओळ कागदावरच राहिली.

मग सल्ले देणारे येऊ लागले. एकजण म्हणाले, लुळ्या अंगाला कबुतराचे रक्त चोळा, हमखास गुण येतो. आम्ही त्यांना दारातूनच परत पाठवले. अंधश्रद्धेवर आम्ही वस्तीत भाषणे केलेली आहेत. आमच्या घरात हे चालणार नाही, असे मोठ्या अभिमानाने सांगितले. आणि त्याच संध्याकाळी दादांना जेवायला बसवताना आम्ही त्यांचा लुळा हात मनगटाला धरून ओढला आणि त्यांना उठवले. रोज दोन वेळा असेच उठवत होतो. दादा कण्हायचे. आम्ही म्हणायचो, थोडा जोर लावा दादा.

पुतणी दादांचीच मुलगी. तेव्हा ती फिजिओथेरपीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि होस्टेलवर राहत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "काका, पप्पांना उठवताना कुठे धरता?" आम्ही दाखवले. ती काही बोलली नाही. तिने दादांचा सदरा बाजूला केला आणि खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवले. तेथे खळगा पडला होता. दोन बोटे सहज बसतील एवढा.

मग तिने समजावून सांगितले. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्या चेंडूला स्नायूंनी धरून ठेवलेले असते. वारे गेले की ते स्नायू सैल पडतात आणि हाताच्या नुसत्या वजनानेही चेंडू खाली सरकू लागतो. त्यात आपण हात ओढला तर सांधा निसटतो, आतल्या नसा ताणल्या जातात आणि मग तो खांदा वर्षानुवर्षे दुखतो. म्हणून लुळा हात कधीही ओढायचा नाही. बसताना त्याच्याखाली उशी द्यायची. उठवताना रुग्णाला आधी कुशीवर वळवायचे, पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडायचे आणि पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याला आधार देऊन बसते करायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

यात यंत्र नाही, पैसा नाही. फक्त कोणीतरी घरी येऊन दाखवायला हवे होते. तीन महिने कोणी आले नव्हते.

पुतणी पुढे प्रत्येक सुट्टीत यायची आणि वहिनींकडून सर्व करवून घ्यायची. आधी कॉटच्या कडेला न धरता बसणे, मग खुर्चीतून उठणे, मग उभे राहून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे. पुढच्या उन्हाळ्यात दादा तीन पायांची काठी घेऊन संडासापर्यंत एकटे गेले. त्या दिवशी वहिनींनी खीर केली. उजवा हात मात्र परत आला नाही. त्यातला किती भाग आजाराचा आणि किती आमच्या ओढण्याचा, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणार नाही.

पुतणीचे शिक्षण साधे झाले नाही. चार वर्षांचा अभ्यास आणि वर सहा महिने इस्पितळात उमेदवारी, असा तिचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम होता. जातीचा दाखला, मग जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, भारत सरकारची शिष्यवृत्ती, या सगळ्यांच्या फायली आम्ही वागवल्या. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा यायचा आणि होस्टेलच्या खानावळीचे बिल वेळेवर यायचे. दादा अंथरुणाला खिळल्यावर वहिनींनी घरी पोळ्यांची कामे धरली. दोन वर्षे त्या पोळ्यांवर खानावळीचे बिल भागले. शिक्षण संपल्यावर तिने राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी केली. त्या नोंदणीचा कायदा २००२ सालचा आहे. वाचकांनी एवढे जरूर करावे, घरी येणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा. मालिश करणारा, हाडे बसवणारा आणि फिजिओथेरपिस्ट या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

हे शास्त्र आपल्याकडे फार जुने नाही. पोलिओने अधू झालेली मुले मुंबईत मोठ्या संख्येने दिसत होती, त्या काळात केईएम रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ साली हाजीअलीला केंद्र सरकारची अपंग पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला, पण रक्तदाब, मधुमेह, अपघात आणि म्हातारपण आहेच. त्या मुलांना कडेवर घेऊन इस्पितळात नेता येत होते. साठ-सत्तर किलोचा माणूस तिसऱ्या मजल्यावरून कडेवर घेऊन उतरता येत नाही.

पदवीनंतर पुतणीला एका खाजगी इस्पितळात महिना १६,००० रुपयांची नोकरी लागली. आम्हाला बरे वाटले. आमच्या पिढीने कायम नोकरीलाच आधार मानले. आमचे कालकथित वडील म्हणत, महिन्याच्या एक तारखेला जो पगार येतो तोच आपला खरा. सरकारी इस्पितळात जागा निघेल, अर्ज करत राहा, असे आम्ही तिला सांगत होतो. ती अर्ज करतही होती. आणि २०२४ सालच्या जानेवारीत एके रात्री जेवताना तिने सांगितले की ती नोकरी सोडते आहे आणि घरी जाऊन उपचार करण्याचे काम सुरू करते आहे.

आम्ही खूप बोललो. आता आठवले की लाज वाटते. लोक मालिशवाली म्हणतील, असे म्हणालो. लग्न व्हायचे आहे, परक्या घरात एकटी शिरणार का, असे म्हणालो. आजारी पडलीस तर कोण पगार देणार, असेही विचारले. ती शांत बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका, पप्पांना खाली न्यायला चार माणसं लागत होती. वर यायला मला एकटीलाच यावं लागतं."

आमच्या सहचारिणीने भाताचे पातेले खाली ठेवले आणि विचारले, "आता बोला." आमच्याजवळ बोलायला काही नव्हते.

मग आम्ही कारकुनाचे काम हाती घेतले. मुद्रा योजना २०१५ सालापासून आहे. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. असे असूनही पहिल्या बँकेत आमच्याकडे जामीनदार मागितला. दुसऱ्या बँकेत योजनेचे पत्रक सोबत घेऊन गेलो. तीन फेऱ्यांत काम झाले. ५०,००० पैकी ३०,००० ची जुनी स्कूटर घेतली. ३,००० चे वेदना कमी करणारे हातात मावेल असे टेन्स यंत्र. रक्तदाब मोजायचे यंत्र आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर मिळून २,५००. वजनाचे पट्टे, रबरी पट्टे, चेंडू, रुग्णाच्या कमरेला बांधायचा पट्टा आणि सांध्याचा कोन मोजायची पट्टी मिळून ३,५००. एकूण ३९,०००. उरलेल्या ११,००० ला हात लावायचा नाही, असे आम्ही बजावले. नवा धंदा नुकसानीने मरतो त्यापेक्षा अधिक वेळा खेळत्या भांडवलावाचून मरतो, हे बी.कॉम.च्या पुस्तकात होते. पुस्तकातली एक तरी गोष्ट घरात उपयोगी पडली.

पहिल्या महिन्यात २२ भेटी झाल्या. बारा भेटी ४०० रुपयांच्या आणि दहा भेटी वस्तीतल्या, २०० रुपयांच्या. म्हणजे ६,८०० व्हायला हवे होते. हातात आले ५,४००. बाकी १,४०० उधारी. पेट्रोल १,३५०. शिल्लक ४,०५०. नोकरीच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढीच. पुतणी रात्री गप्प जेवत होती. आम्हीही काही बोललो नाही. तुला आधीच सांगितले होते, हे वाक्य ओठापर्यंत आले होते. ते गिळले, एवढे श्रेय आम्ही घेतो.

त्या रविवारी वही नीट पाहिली. सकाळी डोंबिवली, मग विठ्ठलवाडी, दुपारी परत डोंबिवली, संध्याकाळी चिंचपाडा, अशी ती फिरत होती. जो ज्या वेळी बोलावेल त्या वेळी जायची. आम्ही कागदावर भाग पाडले. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डोंबिवली. मंगळवार, गुरुवार, शनिवार विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर. संध्याकाळ घराजवळच्या वस्तीला. पत्रपेटीची फेरी लावतात तशी फेरी लावली. सहाव्या महिन्यात ९६ भेटी झाल्या, ६२ पूर्ण दराच्या आणि ३४ कमी दराच्या. एकूण ३१,६००. पेट्रोल २,१००. भेटी चौपटीहून अधिक झाल्या आणि पेट्रोल दुप्पटही झाले नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचे तिच्याशी पटेना. ती घरच्या माणसांना सर्व शिकवून टाकते. सुनेला, मुलाला, नातीला व्यायाम करून दाखवते, वहीच्या पानावर चित्र काढून भिंतीला चिकटवते. कोळसेवाडीत वडापावची गाडी लावणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना लकवा झालेला. त्यांच्याकडे ती आठवड्यातून दोनच वेळा जाते. आम्ही म्हटले, रोज गेलीस तर उत्पन्न वाढेल. ती म्हणाली, "काका, व्यायाम रोज दोन-तीन वेळा व्हायला हवा. तो घरच्यांनीच करायचा. मी फक्त पुढची पायरी दाखवायला जाते." धंद्याच्या दृष्टीने हे चुकीचे वाटले. पण त्याच गृहस्थांच्या शेजाऱ्यांनी, मेहुण्यांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून पाच नवे रुग्ण आणले. ही जमेची बाजू आम्ही धरलीच नव्हती.

आता वहीतल्या ज्या एका नोंदीमुळे हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

मार्च महिन्यात डोंबिवलीतला एक पत्ता होता. गुडघा बदललेल्या आजी. अशा रुग्णाला पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे असतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवायचा, घोटा वरखाली करायचा. दुखते म्हणून हे टाळले तर गुडघा आखडतो आणि एवढ्या खर्चाची शस्त्रक्रिया अर्धी वाया जाते. या आजींच्या पुढे तीन भेटींची नोंद होती, आणि चौथ्या ओळीत नुसते 'बंद'. कारण नाही. बाकी सर्व ठिकाणी तिने कारण लिहिलेले असते, बरे झाले, गावी गेले, परवडत नाही. आम्ही विचारले. तिने टाळले. पुढच्या रविवारी परत विचारले.

तेव्हा तिने सांगितले. तिसऱ्या दिवशी आजींनी तिचे आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग आडनाव परत विचारले. चौथ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला, येऊ नका, आमची दुसरी सोय झाली आहे. पैसे सर्व चुकते केले. एक शब्द वावगा बोलले नाहीत.

आम्ही भडकलो. चळवळीत आमचे आयुष्य गेले. पत्ता दे, आम्ही जाऊन बोलतो, असे म्हणालो. पुतणी म्हणाली, "जाऊन काय बोलणार काका? त्यांनी कुठे काय म्हटलंय?" आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होते. पूर्वी लोक तोंडावर बोलत, त्याला उत्तर देता येत होते. आता फोन येतो, सोय झाली आहे.

डॉक्टर औषध लिहून देतो. कारकून काचेच्या पलीकडे बसतो. पण तिच्या कामात स्पर्श हेच औषध. रुग्णाचा पाय मांडीवर घ्यायचा, पाठीला हात लावायचा, उभे करताना त्याला आपल्या अंगाचा आधार द्यायचा. शिवायचे नाही असे ठरवले तर या कामात काहीच उरत नाही. आम्ही तिला म्हटले, माणूस पडायला आला की तुझाच खांदा घट्ट धरतो ना? तेव्हा कुठे असते जात? आम्हाला वाटले, आपण फार मोठे बोललो. ती वही मिटत म्हणाली, "जात असतेच काका. फक्त पडायची भीती त्या वेळी तिच्यापेक्षा मोठी असते."

व्यासपीठावर आम्ही पुष्कळ भाषणे केली. एवढे नेमके आम्हाला कधी सांगता आले नाही.

यावर तिने स्वतःच उपाय काढला. आता ती पहिल्या फोनवरच पूर्ण नाव, आडनाव आणि नोंदणी क्रमांक सांगते. ज्यांना नको असेल त्यांनी फोनवरच ठेवावे, तिसऱ्या दिवशी नको. त्यामुळे काही काम गेले असेल. किती गेले ते वहीत दिसत नाही. पण 'बंद' अशी बिनकारणाची नोंद त्यानंतर आली नाही.

तिचे आणखी काही नियम आहेत. मुलींनी हे काम करायचे मनात आणले तर उपयोगी पडतील म्हणून देतो. उपचाराच्या वेळी घरातले एक माणूस खोलीत हवेच. पहिली भेट अंधार पडल्यावर नाही. प्रत्येक पत्ता आधी काकूच्या मोबाइलवर जातो, निघाल्यावर एक संदेश, पोहोचल्यावर एक. एका घरी रुग्ण म्हणून ज्याने बोलावले त्याला काही दुखणे नव्हते आणि घरात दुसरे कोणी नव्हते. ती उंबऱ्यावरूनच परत फिरली. त्या दिवसाचे पेट्रोल वाया गेले म्हणून आम्ही वहीत खर्ची टाकले आणि त्यापुढे 'योग्य' असे लिहिले.

कधी कधी ती उपचार न करताही परत येते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या एका मावशींची पोटरी सुजली होती, गरम लागत होती आणि दाबली की दुखत होती. घरचे म्हणाले, जरा चोळून द्या. तिने हात लावला नाही. शिरेत रक्ताची गुठळी असली आणि ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते, मग जीवावर बेतते. तिने मावशींना त्याच रिक्षाने इस्पितळात पाठवले. शंका खरी निघाली. त्या भेटीचे तिने पैसे घेतले नाहीत. आम्ही विचारले, एवढे मोठे काम करून फुकट? ती म्हणाली, मी काही केलंच नाही. यावरही आमचे एकमत नाही.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात ती बायकांना बसवते. धुणीभांडी करणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या. गुडघे आणि कंबर प्रत्येकीची दुखते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, बादली उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून ती अंगाजवळ धरणे, असे साधे. पहिल्या वेळी सात जणी आल्या होत्या. आता चटया कमी पडतात.

दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. बोलणे अजून जड आहे. सकाळी स्कूटर निघाली की ते वरून विचारतात, "किती?" ती खालून बोटे दाखवते, चार किंवा पाच. संध्याकाळी तीच बोटे परत मोजून घेतात. दादांचा खांदा थंडीत दुखतो. रात्री ते कण्हले की पलीकडच्या खोलीत आम्हाला जाग येते. त्यांनी आम्हाला कधी दोष दिला नाही. पुतणीनेही दिला नाही. पण आम्ही दुसऱ्याच्या घरी भेटीला गेलो आणि तिथे कोणाच्या अंगावरून वारे गेलेले असले, की चहा घेण्याआधी घरच्यांना विचारतो, उठवताना कुठे धरता?

बंधु-भगिनींनो, आपल्या घरी, चाळीत, नात्यात असा कोणी असेल, आणि असणारच, तर फिजिओथेरपिस्ट बोलावता आला तर उत्तमच. नाही परवडला तरी महापालिकेच्या किंवा सरकारी इस्पितळात एकदा घरच्या माणसाने जाऊन व्यायाम शिकून यावे. रक्तदाबाची गोळी विचारल्याशिवाय सोडू नये. आणि बाकी सर्व विसरलात तरी चालेल, पण लुळा हात ओढू नका. आम्ही ओढला होता, म्हणून सांगतो.

जयभीम.